‘एवढ्याशा बांधाला काय होतंय!’ म्हणणाऱ्यांना

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्यात एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या गटातून जाणाऱ्या ओघळीवर, स्वतःच्या पैशाने मातीचा बांध घालायला घेतला आणि कुणी सांडव्याचं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं : एवढ्याशा बांधाला काय होतंय! हे उत्तर एकटा मालक देत नाही. जेसीबीवाला देतो, शेजारी देतो, आणि विचारलंच तर सरकारी नोकरही देतो. त्याची फोड केली तर ती अशी होते : जमीन माझी, माती माझी, मशीनचं भाडं मी भरलं, पाणी अडवा म्हणून तुम्हीच सांगता, धरण सुरक्षेचा कायदा असल्या बांधाला लागत नाही, जुन्या लोकांनी इंजिनिअर न बोलावता तलाव बांधले आणि ते टिकले, आणि फुटलाच कधी, तर आपल्याकडच्या सपाट रानात पाणी पसरून जाईल. हे सगळं म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि ते जितक्या सहजपणे बोललं जातं तितकंच घातक वाटतं. म्हणून हा प्रतिवाद.

आधी जे मान्य आहे ते सांगतो. पाणी अडवण्याची गरज आपल्या खारपाणपट्ट्याइतकी फार थोड्या भागांना असेल. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खोदली तर खारं पाणी लागतं, आणि ते पाणी वर्षानुवर्षं दिलं तर जमीन चोपण होते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने २०१८ पासून या पट्ट्यातली ९३२ गावं निवडली ती याच कारणासाठी. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी एक आणि तुरीला शेंगा भरताना एक पाणी मिळालं तर हंगाम हाती लागतो, आणि ते गोडं पाणी फक्त आभाळातून येतं. ते धरून ठेवणारा माणूस शहाणा आहे. त्याने बांध घालू नये असं मी म्हणत नाही. बांध घातल्यावर त्याचं काय देणं लागतं, एवढाच माझा मुद्दा आहे.

शेततळं आणि बांध यांची गल्लतही इथेच दूर करू या. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं खोदलेलं असतं. त्याच्या बाजूंना उतार दिला की त्यात जेमतेम २२०० घनमीटर पाणी मावतं, आणि ते जमिनीच्या पातळीखाली असतं. त्यात कुणी पडून बुडू शकतं, म्हणून त्याला कुंपण हवं. पण ते फुटून गावावर येत नाही. चारी बाजूंनी भराव उचलून जमिनीच्या वर पाणी साठवणारं मोठं तळं, किंवा ओघळीवर आडवा घातलेला बांध, ही वेगळी वस्तू आहे. चार-पाच मीटर उंचीच्या बांधामागे २० हजार घनमीटर पाणी सहज उभं राहतं. म्हणजे दोन कोटी लिटर, म्हणजे २० हजार टन. आणि ते खालच्या शेताच्या, रस्त्याच्या आणि घराच्या डोक्यावर उभं असतं.

आता कायद्याचं. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर भरतो, किंवा ज्यांचा पूर, पाया अथवा रचना विशेष अवघड आहे, त्यांनाही लागू आहे. आपला बांध त्यात बसत नाही, हे खरं. पण ही रेघ ओढली ती हजारो मोठ्या धरणांवर नीट नजर ठेवता यावी म्हणून. रेघेखाली धोका संपतो असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट, रेघेवरच्या धरणाला तपासणी आहे, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा अहवाल आहे, जबाबदार अधिकारी आहे. रेघेखालच्या बांधाला फक्त मालक आहे. त्यामुळे कायद्याने सोडून दिलेल्या बांधावर मालकाची जबाबदारी कमी होत नाही, ती सगळी त्याच्या एकट्यावर येते.

पण कायद्यापेक्षा मला इथे मातीबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण ‘एवढ्याशा बांधाला काय होतंय’ हे वाक्य महाराष्ट्रात इतरत्र कदाचित थोडंफार खपून जाईल. भातकुलीत ते अजिबात खपत नाही. इथली माती वेगळी आहे. लोक म्हणतात, आपली काळी माती चिकट आहे, पाणी सोडत नाही, बांधाला याहून चांगली माती कोणती? पाणी सोडत नाही हे बरोबर आहे. पण खारपाणपट्ट्यातल्या काळ्या मातीत, विशेषतः खालच्या थरांत, सोडियम जास्त असतो. असल्या मातीचे कण कोरडेपणी एकमेकांना घट्ट धरून राहतात आणि गोडं पाणी लागलं की सुटे होतात. नुसती ढेकळं फुटत नाहीत; चिकणमातीचा कण न् कण पाण्यात तरंगू लागतो. बांधात केसाएवढी फट असली आणि तिच्यातून गोडं पाणी झिरपू लागलं, की ते पाणी मातीला खरवडत नाही, सोबत घेऊन जातं. फटीची नळी होते, नळीचं भुयार होतं. वरून बांध धडधाकट दिसतो आणि आतून पोकळ होत जातो. फुटायला तो पाणी माथ्यावरून जायची वाटही पाहत नाही.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की खारं पाणी हा दोष झाकून ठेवतं. पाण्यात क्षार जास्त असले की मातीचे कण एकत्र राहतात. म्हणून बोअरचं पाणी मारून दाबलेला बांध उन्हाळ्यात पक्का वाटतो. मग जून-जुलैत पावसाचं पाणी भरतं. ज्या गोड्या पाण्यासाठी बांध घातला, तेच पाणी त्याला आतून उलगडू लागतं. ऑस्ट्रेलियात शेतावरचे मातीचे छोटे बांध पहिल्याच भरण्यात का फुटतात याचा शोध तिथल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात घेतला, तेव्हा असलीच माती समोर आली. अमेरिकेत जेम्स शेरार्ड यांनी १९७० च्या दशकात तेच दाखवलं. या शोधांना अर्धं शतक उलटलं. आपल्याकडे मात्र अजूनही खड्ड्यातून निघाली तीच माती बांधावर चढते.

परीक्षा साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही. बांधासाठी ज्या खोलीची माती काढणार, त्या खोलीचं वाटाण्याएवढं ढेकूळ घ्यायचं. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यायचं, बोअरचं नाही. ढेकूळ हळूच सोडायचं आणि न हलवता तासभर ठेवायचं. ढेकूळ ढासळून तळाला भुगा पडला आणि पाणी नितळ राहिलं, तर माती ठीक. ढेकळाभोवती धुरासारखा गढूळ ढग पसरला आणि तो खाली बसायला तयार नसेल, तर ती माती तशीच बांधात घालायची नाही. शास्त्रज्ञ इमर्सन यांनी १९६७ मध्ये या परीक्षेला पद्धतशीर रूप दिलं. ढग दिसला म्हणून बांध सोडून द्यावा लागतो असंही नाही. चोपण जमिनीसाठी जे जिप्सम शेतकऱ्याला ठाऊक आहे, तेच बांधाच्या मातीत मिसळता येतं. किती मिसळायचं हे मातीच्या तपासणीवरून ठरतं, आणि ती तपासणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठापासून बडनेऱ्याजवळच्या दुर्गापूरच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत होऊ शकते. मधला गाभा काळ्या मातीचा आणि दोन्ही अंगांनी मुरमाचं आवरण, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. ते आवरण असलं की गाभा उन्हात वाळत नाही आणि भेगाळत नाही. पूर्णाकाठच्या खोल गाळाच्या रानात मुरूम जवळ सापडत नाही, लांबून आणावा लागतो. म्हणून आवरण वगळलं जातं आणि सबंध बांध काळ्याचाच उभा राहतो. मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे प्रत्येक शेतकरी बघतो. त्याच मातीच्या बांधाला भेगा पडणार नाहीत असं त्याला कशावरून वाटतं?

दाबणीचंही तेच. बांध वीत-वीत जाडीच्या थरांत, योग्य ओलीवर, रोलर फिरवून दाबायचा असतो. जेसीबीच्या बकेटने वरून थापटणं म्हणजे दाबणी नव्हे. असा बांध पहिल्या पावसात फूटभर बसतो, आणि जिथे बसतो तिथूनच पाणी माथ्यावर चढतं.

तिथे सांडव्याचा प्रश्न येतो. माझ्या मते छोट्या खाजगी बांधाच्या बाबतीत खरा गुन्हा कुठे होत असेल तर इथे. मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलं की टिकत नाही. हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून जास्तीचं पाणी बाजूने, मूळ जमिनीवरून सोडून देणारी वाट ही बांधाची पहिली गरज आहे. प्रत्यक्षात सांडव्याऐवजी बांधातून एक फुटी सिमेंटचा पाइप टाकला जातो आणि ‘पाणी निघून जाईल’ असं सांगितलं जातं. हिशेब करून पाहू. बांधाच्या वर शंभर एकर, म्हणजे ४० हेक्टर रान आहे असं धरा. तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला. एका दिवसात ६५ मिलिमीटर पडला तरी महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं, आणि तसा पाऊस या जिल्ह्याला नवा नाही. ४० हेक्टरवर १०० मिलिमीटर म्हणजे ४० हजार घनमीटर. ओल्या काळ्या रानातून त्यातलं निम्मं वाहून आलं तरी २० हजार. तीन तासांत ते बाहेर जायचं तर दर सेकंदाला जवळपास १८५० लिटर. त्या फूटभर पाइपातून मीटरभर दाबाने साधारण १९० लिटर जातील. म्हणजे दहावा हिस्सा. बाकीचं पाणी कुठे जाणार? आणि ही सरासरी झाली. पुराचा भर असतो तेव्हा आकडा दुपटीवर जातो. एवढं पाणी फूटभर खोलीने काढून द्यायला नुसत्या सरासरीसाठी सहा-सात मीटर रुंद सांडवा लागतो. शिवाय वर सांगितलेल्या मातीत पाइप टाकणं म्हणजे भुयाराला वाट काढून देणं, कारण पाइपाच्या पोटाखालची माती कुणालाच नीट दाबता येत नाही.

सांडवा असला तरी तो तसाच राहतो असंही नाही. आणखी दोन फूट पाणी साठावं म्हणून त्यात मातीची पोती रचली जातात, सोडलेले मासे जाऊ नयेत म्हणून जाळी बसते, पऱ्हाट्या अडकतात. अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातलं साउथ फोर्क धरण एका खाजगी क्लबच्या मालकीचं होतं, मातीचं. आपल्या बांधाहून ते कितीतरी मोठं होतं, वीस मीटरहून उंच. पण चुका आपल्याच होत्या. आधीच्या मालकाने पाणी सोडण्याचे नळ काढून विकले होते. क्लबने माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून माथा छाटून खाली आणला आणि मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला, जाळ्यांत ओंडके-काटक्या अडकल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात २२०९ माणसं मेली. हे जुनं म्हणून सोडून द्यायचं असेल तर १४ मार्च २००६ घ्या : हवाईतल्या काउआई बेटावर खाजगी मालकीचं का लोको हे मातीचं धरण फुटलं आणि सात जण वाहून गेले, चौकशीत बोट दाखवलं गेलं ते बुजवलेल्या सांडव्याकडे. केनियात सोलाई इथे ९ मे २०१८ च्या रात्री एका खाजगी फार्मवरचं मातीचं धरण फुटलं. खालच्या वस्तीतली चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यांत लेकरं बरीच होती. या तिन्ही ठिकाणी मालक खाजगी होता आणि मेलेली माणसं भलतीच होती.

‘बांध फुटला तो ढगफुटीने’ असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना तिवरे आठवायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, भेंदवाडीतली घरं गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या असं गावकऱ्यांनी सांगितलं. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण दिलं. त्यावर महाराष्ट्रात बराच संताप झाला, आणि तो रास्त होता. पण चुकीच्या अंगाने झाला असं मला वाटतं. खेकडे, उंदीर, घुशी मातीच्या बांधाला बिळं पाडतात, यात खोटं काही नाही. चूक ही की बिळं पाडणं हे खेकड्याचं काम आणि ती शोधून बुजवणं हे धरण सांभाळणाऱ्याचं काम, ही साधी वाटणी त्या उत्तरात विसरली गेली. सरकारी धरणाला जे लागू तेच खाजगी बांधाला. बिळं दिसावीत म्हणून बांधावर गवत आखूड राखायचं, बाभळी वाढू द्यायच्या नाहीत, कारण मेलेल्या झाडाचं मूळ कुजलं की तीच नळी होते. खालच्या अंगाला पाझर दिसला तर त्याचा रंग बघायचा. नितळ पाझर असेल तर थोडी उसंत आहे. गढूळ असेल तर बांधाची माती निघून चालली आहे, आणि त्याच घडीला खालच्या लोकांना उठवायचं, पंप लावायचे, बाजूच्या मूळ जमिनीतून चर काढून पाणी उतरवायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम नदीवरच्या मातीच्या धरणाला गळती लागली, तेव्हा असंच केलं. खालची १८ गावं रिकामी केली, पोकलेनने बाजूने वाट काढून पाणी सोडलं, आणि माणसं वाचली. वेळ मिळाला कारण कुणीतरी बघत होतं. शेतावरच्या बांधावर रात्री बघणारं कोण असतं?

‘सपाट रानात पाणी पसरून जाईल’ या म्हणण्याने मी सर्वांत अस्वस्थ होतो. पाणी पसरतं ते दूर गेल्यावर. आधी ते ओघळीच्याच वाटेने जातं, आणि ओघळीच्या काठी कोण राहतं हे भातकुलीत सगळ्यांना ठाऊक आहे. गावठाणात ज्यांना जागा मिळाली नाही ते तिथे राहतात. सरकारी ई-क्लास जमिनीवर घर बांधलेला भूमिहीन मजूर, पारध्यांचा बेडा, हंगामापुरता आलेला मेंढपाळ. बांध घालणाऱ्याचं घर बहुतेक वेळा उंचावर असतं. शिवाय ओघळीवर रस्त्याचा रपटा असतो. त्यावरून रात्री मोटारसायकल जात असते. ओघळीवर एकाखाली एक तीन बांध असतील तर वरचा फुटला की खालच्यांना वेगळं कारण लागत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्याच पाण्याने खडकवासला फोडलं, हे पुण्याला आजही आठवतं. जीव गेला नाही तरी शेत खरडून जातं. वरची माती गेली की तिथे पुन्हा कपाशी उभी राहायला वर्षं लागतात. मग तहसीलदार पंचनामा करतात आणि भरपाई सरकारी तिजोरीतून जाते. ‘जमीन माझी, पैसा माझा’ हे म्हणणं फुटण्याच्या क्षणी संपतं. तिथून पुढे सगळं दुसऱ्याचं असतं.

मालकीच्या हक्काला न्यायालयांनी काय म्हटलंय तेही पाहू, कारण हा वाद नवा नाही. लँकेशायरमध्ये गिरणीमालक रायलंड्स यांनी स्वतःच्या जमिनीत तलाव केला, पाणी जुन्या बोगद्यांतून शेजारच्या फ्लेचर यांच्या कोळसा-खाणीत उतरलं. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नव्हता, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६८ मध्ये भरपाई त्याच्यावर टाकली : निसटलं तर घात करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, तो तिच्यासाठी जबाबदार. यावर आपल्याकडचे जाणकार १८७४ चा कार्वेटीनगरचा निकाल पुढे करतात. मद्रास इलाख्यातल्या त्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले, मद्रास रेल्वेचे पूल वाहून गेले, आणि प्रिव्ही कौन्सिलने जमीनदाराला सोडलं. पण का सोडलं ते वाचायला हवं. ते तलाव पिढ्यान्‌पिढ्यांचे होते, रयतेच्या शेतीसाठी ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच होतं, आणि त्याने निगा राखण्यात कसूर केल्याचं दिसलं नाही. तीन दिवसांत जेसीबीने उभा केलेल्या, सांडवा नसलेल्या बांधाला यातला कोणता आधार मिळतो? स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या कालवाफुटीच्या खटल्यात सरकारलाच जबाबदार धरलं, आणि कालव्याचा काठ फुटतो हीच गोष्ट निष्काळजीपणाचा पुरावा ठरू शकते असं मानलं. सरकारला जे लागू, ते शेतकऱ्याला लागू नाही असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

‘जुने तलाव टिकले’ हा दाखला पूर्व विदर्भातून येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हजारो मालगुजारी तलाव आहेत, बरेचसे कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले, आणि ते खरोखर खाजगी मालकीचे होते. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारी होती, त्यामुळे असली परंपरा आपल्याकडे तशी रुजली नाही. पण तिथले तलाव टिकले ते कुणी विचारणारं नव्हतं म्हणून नाही. पाणी कुणाला किती, पाळीची माती कुणी टाकायची, याचे ठरलेले रिवाज होते, आणि तलावावर मालगुजाराबरोबर गावाचंही लक्ष होतं. जागेची निवड पिढीजात होती. जादा पाण्याच्या सलंगीची, म्हणजे सांडव्याची, जागा बांधाच्या आधी ठरत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि निगा राखण्याची साखळी तुटल्यावर त्याच तलावांत गाळ भरला, पाळी खचल्या. म्हणजे हा दाखला माझ्याच बाजूचा आहे.

राहिला एक आक्षेप, जो मला मनापासून गंभीर वाटतो : तपासणी आली की हात पसरणारा आला, आणि गरीब शेतकऱ्याचा बांध कागदात अडकला. ही भीती अनुभवातून आलेली आहे. म्हणून परवानगीची पद्धत मला नको. ब्रिटनमध्ये १९२५ साली वेल्समधल्या डोल्गारोगला एका कंपनीचं धरण फुटून त्याखालचं दुसरं फुटलं, १६ जण मेले, आणि १९३० मध्ये कायदा आला. आज तिथे मोजमाप उंचीचं नाही, जमिनीच्या पातळीच्या वर साठलेल्या पाण्याचं आहे : २५ हजार घनमीटरच्या वर गेलात की यादीतल्या अभियंत्याची नेमणूक मालकाने स्वतः करायची. वेल्सने २०१६ मध्ये ती मर्यादा १० हजारांवर आणली. आपल्याकडे एवढं झालं तरी पुरे : जमिनीच्या वर १० हजार घनमीटर साठवणारा, किंवा ज्याच्या खाली ओघळीच्या काठी वस्ती वा रस्ता आहे असा प्रत्येक बांध ग्रामपंचायतीच्या वहीत असावा. त्याच्यासमोर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : मातीच्या परीक्षेत ढग आला की नाही, सांडवा किती मीटर रुंद, पावसाळ्यात बांधाकडे कोण बघणार, खाली कुणाची घरं. वही ग्रामसभेत वाचावी. मृद व जलसंधारण विभागाच्या अभियंत्याला फक्त वस्तीच्या वरचे बांध दाखवावेत, आणि त्या भेटीचे पैसे शेतकऱ्याकडून घेऊ नयेत. पाणी अडवण्याला अनुदान देणाऱ्या सरकारने जिप्समलाही द्यावं, मुरमाच्या वाहतुकीलाही द्यावं. सांडव्याशिवाय देयक काढू नये.

जे बांध आधीच उभे आहेत त्यांचं काय, असं विचारलं जातं. त्यांतले बहुतेक वाचवता येतात. बांधाच्या टोकाला, भरावात नव्हे तर मूळ जमिनीत, माथ्यापेक्षा मीटरभर खाली सहा-सात मीटर रुंद वाट मे संपायच्या आत काढायची, तिच्या तळाला दगड लावायचे, आणि तिच्यात पुन्हा पोती रचायची नाहीत. वरचं रान जास्त असेल तर वाट त्या मानाने रुंद. माथ्याला बसलेली जागा भरून दाबायची. बांधातून पाइप गेला असेल तर तो उकरून काढून ती जागा जिप्सम घातलेल्या मातीने थराथराने भरायची. याने तळ्यात मीटरभर पाणी कमी साठेल, आणि हरभऱ्याचं काही रान कोरडं राहील.